सत्त्याण्णव टक्के खरं

भिंगारच्या त्या मंगल कार्यालयात रविवारी लग्न नव्हतं, तरी दारात चपला ठेवायला जागा उरली नव्हती. दहावी पास झालेली तीनशे पोरं आणि त्यांचे आईबाप आत खेटून बसले होते. स्टेजवर पांढऱ्या कोटातले प्रोफेसर ओंकारजी उभे होते. कशाचे प्रोफेसर, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगायची घाई केली नाही.

"बाळांनो, तोंड खोटं बोलतं, मन बोलत नाही," ते माइकमध्ये म्हणाले. "माझे चाळीस प्रश्न एकमेकांची साक्ष काढतात. एकाला फसवाल, तर एकोणचाळीस तुम्हाला पकडतील."

पोरांनी चाळीस गोल काळे केले, कागद यंत्रात गेले आणि तासाभरात प्रत्येकाची 'विज्ञानशक्ती' रंगीत कागदावर छापून बाहेर आली. मग मागच्या पडद्यावर मोठा आकडा झळकला : विश्वासांक ०.९७. टाळ्यांचा कडकडाट झाला. सत्त्याण्णव म्हटलं की आमच्या नगरकडची माणसं आपोआप हात जोडतात. नव्वदच्या वर गेलेल्या पोराचा फ्लेक्स चौकात लागतो. इथं तर खुद्द चाचणीलाच सत्त्याण्णव पडले होते.

शेवटच्या रांगेतल्या मनकर्णाबाईंनी मात्र टाळी वाजवली नाही. सव्वीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाई. त्यांचं सगळं लक्ष तमन्नाकडं होतं. रशीद टेलरची ही मुलगी गणितात एक्क्याण्णव मार्क मिळवून पास झाली होती आणि तिला विज्ञान घेऊन पुढं औषधनिर्माण शिकायचं होतं. तिच्या कागदावर विज्ञानशक्ती निघाली बावीस. खाली सल्ला होता : विज्ञान टाळावे. अकरावीच्या ऑनलाइन फॉर्मची मुदत पुढच्या सोमवारी संपत होती.

दुसऱ्या दिवशी बाई रशीदच्या दुकानात गेल्या. तो जवानांच्या वर्द्या शिवत बसला होता. माणूस वाईट नव्हता. पोरीला शिकवायचं म्हणून त्यानं नात्यातल्यांचे टोमणे मुकाट ऐकले होते. बाईंनी एक्क्याण्णव मार्कांची आठवण करून दिली, तेव्हा त्यानं मशीन थांबवलं.

"परीक्षेचं एक्क्याण्णव, ह्यांचं सत्त्याण्णव," तो म्हणाला. "आता मोठं कंचं, तुमीच सांगा बाई."

बाईंनी तमन्नाकडची प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि घरी येऊन वाचली. 'मी अनोळखी माणसाशी सहज बोलते.' 'चारचौघांत बोलताना माझा आवाज कापत नाही.' 'पाहुणे आले की मी पुढे होते.' 'वर्गात मी सर्वांआधी हात वर करते.' चाळीसच्या चाळीस प्रश्न असेच, शब्द फिरवून फिरवून तोच एक विचारलेला. विज्ञानाचा त्यात वासही नव्हता.

एम.एड.ला असताना बाईंनी हा विश्वासांक स्वतः मांडून काढला होता. चाचणीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात, एवढंच तो सांगतो. बोलका पोरगा चाळीसही ठिकाणी हो म्हणणार, लाजाळू पोरगी चाळीसही ठिकाणी नाही म्हणणार. उत्तरं जुळणारच आणि अंक चढणारच. ओंकारजींनी पोरांची भीड मोजली होती आणि वर पाटी लावली होती विज्ञानशक्तीची. बाईंनी शाळेतल्या पोरांचे या चाचणीचे निकाल गोळा केले. सगळ्या अबोल पोरी तिशीच्या आत होत्या आणि विज्ञानात काठावर पास झालेला, छगन दूधवाल्याचा बडबड्या मुलगा अठ्ठ्याण्णववर होता.

पुढच्या रविवारी ओंकारजी 'वैयक्तिक मार्गदर्शना'ला पुन्हा आले. रांगेत ताटकळणाऱ्या शंभर पालकांना बाईंनी एकेक कागद वाटला. वर नाव होतं 'सैन्य अधिकारी क्षमता चाचणी' आणि खाली वीस वाक्यं. लष्करी छावणीशेजारचं गाव, त्यामुळं नाव वाचून सगळे सावरले आणि मन लावून खुणा करू लागले. बाईंनी लॅपटॉपवर उत्तरं भरली, अंक काढला आणि माइक हातात घेतला.

"माझ्या चाचणीचा विश्वासांक आला शहाण्णव," त्या म्हणाल्या. "आता वरचं नाव हातानं झाका आणि खालची वाक्यं वाचा."

लोकांनी वाचलं. मला बाजरीची भाकरी आवडते. चपातीपेक्षा मला भाकरी बरी वाटते. भाकरीशिवाय माझं पोट भरत नाही. हळूहळू हशा पिकला.

"ज्याला भाकरी आवडते तो वीसही वेळा हो म्हणाला, म्हणून अंक चढला. तेवढ्यानं तो लष्करात अधिकारी होईल का? ओंकारजींच्या कागदावरचंही नाव झाका. तिथं फक्त एवढंच विचारलंय, की पोरगं लाजतं का."

लोक मान डोलावत होते. जिंकलो, असं बाईंना घटकाभर वाटलं. तेवढ्यात ओंकारजी हसत पुढं आले.

"पाहिलंत? विश्वासांकाचं शास्त्र मॅडमनीसुद्धा मान्य केलं. त्यांच्या चाचणीला शहाण्णव, आपल्या चाचणीला सत्त्याण्णव."

टाळ्या पडल्या आणि रांग पुन्हा सरकू लागली. छगन दूधवाला तेवढा बाईंजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, माझं किती आलं? अधिकारी व्हायचं वय गेलं माझं, पर आकडा कळू द्या."

सोमवारी तमन्ना फॉर्म भरायला शाळेत आली. रशीद दाराबाहेरच थांबला. पोरीला आत पाठवताना तो बाईंना एवढंच म्हणाला होता, की पोरगी म्हणेल ते भरा, मी आडवा येत न्हाई. बाईंनी तिला जवळ बसवलं आणि प्रश्नपत्रिका पुढं ठेवून सगळं पुन्हा समजावलं. तिला ते एका दमात कळलं; गणितातलं काहीही तिला असंच कळायचं.

"बाई, पटलं मला," ती खाली बघत म्हणाली. "पण चाळीस वेळा विचारलं आणि चाळीसही वेळा मी नाहीच म्हटलं. उद्या कॉलेजात काही अडलं, तर मी विचारणार कशी?"

बाईंनी खूप सांगून पाहिलं. तिनं शांतपणे 'कला' या शब्दावर बोट ठेवलं आणि फॉर्म गेला. कला शाखा कमी नाही. फक्त तमन्नाला ती नको होती. ती गेल्यावर बाईंनी प्रश्नपत्रिकेची घडी घालून पर्समध्ये ठेवली. त्यांना रडू आलं आणि स्वतःच्या हुशारीचा रागही आला. युक्ती उघडी पाडली होती, पण पोरगी हातची गेली होती.

ओंकारजींचा फ्लेक्स यंदाही लागला आहे, आता अठ्ठ्याण्णव टक्क्यांचा. तुम्ही गेलात तर आकड्यापुढं हात जोडू नका. वरचं नाव झाकून प्रश्न वाचा. ज्यांना हा माणूस नापास करतो ती पोरं खरंच त्या विषयात मागं पडली का, ते कधी तपासलंत का, असं त्याला सगळ्यांदेखत विचारा. तमन्ना विचारणार नाही. तिला चारचौघांत बोलता येत नाही. तुम्हाला येतं.