हातांनी सांगायची गोष्ट

"खातेदारांना कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवावा लागेल," इंटरनेट कंपनीच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली.

ताओ मावशींनी मांडीवरची पर्स जवळ ओढली. "तो येणार नाही."

"बाहेरगावी आहेत का?"

"हो."

"मग तिथूनच मोबाइलवर दाखवू देत. दोन मिनिटांचं काम आहे."

शेजारच्या खुर्चीत बसलेल्या नेवेन्काने मावशींकडे पाहिलं आणि मग समोरच्या जाहिरातीकडे पाहायला सुरुवात केली. मावशींचे यजमान लुओ दोन वर्षांपूर्वी वारले होते. त्यांना निरोप द्यायला नेवेन्का स्वतः पांढरी शेवंती घेऊन गेली होती. पण घरातलं इंटरनेट अजून त्यांच्याच नावावर आहे, हे तिला आत्ता, या खुर्चीत बसल्यावर कळलं.

बाहेर आल्यावर ती मावशींना म्हणाली की राहू द्या, आहे तो वेग पुरेसा आहे. मावशी पायऱ्या उतरत म्हणाल्या, "पुरेसा असता तर मला इथवर कशाला आणलं असतंस, नी बाई?" आणि बसथांब्याकडे चालू लागल्या. 'नी' हे त्यांनीच नेवेन्काचं चिनी आडनाव ठरवून टाकलं होतं. पूर्ण नाव म्हणायला गेलं की कवळी हलते, अशी त्यांची तक्रार होती.

नेवेन्का सर्बियातल्या झायेचारची. चीनमधल्या म्यानयांगमध्ये तिला दहा-अकरा वर्षं झाली होती. इथल्या नृत्यशाळेत ती पियानो वाजवायची. मुली लाकडी दांड्याला धरून पाय उचलत, आणि ती त्या पायांना सूर पुरवत असे. तिच्याकडे सहसा कुणी बघत नसे, आणि ते तिला बरंही वाटे. मावशींच्या इमारतीत, त्यांच्याच वरच्या मजल्यावर, ती भाड्याने राहत होती, आणि दोन्ही मजल्यांना मिळून इंटरनेटची एकच जोडणी होती.

फेब्रुवारीत तिकडे तिची आई गेली. तार यावी तसा भावाचा दोन शब्दांचा निरोप मोबाइलवर आला, तेव्हा पुढचा वर्ग सुरू व्हायचा होता. ती आत गेली आणि तिने वर्ग पूर्ण वाजवला. एकही सूर चुकला नाही. दफन दुसऱ्याच दिवशी होतं, पोचणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी तिने भात लावला, खाल्ला, भांडी घासली. रडू येईल म्हणून तिने एक-दोन दिवस वाट पाहिली. मग वाट पाहणंही सोडून दिलं. त्यानंतर सगळं चालू होतं, पण काचेपलीकडे चालावं तसं.

भाऊ रादोये तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, जन्मापासून बहिरा. गावातल्या बेकरीत पहाटे पाव भाजायचा आणि दुपारच्या आत घरी यायचा. दोघं हातांनीच बोलत. मोबाइलच्या पडद्यावरही ते चालायचं, पण चित्र अडखळलं की शब्द गळायचे. वर गेलेला हात एकदम खाली दिसायचा आणि मधलं वाक्य नाहीसं व्हायचं. आई गेल्यावर त्याने लिहिलं होतं, 'आईचं एक सांगायचं आहे. लिहून नाही. हातांनी.' त्यानंतर तीनदा त्याने सुरुवात केली, आणि तिन्ही वेळा चित्र तिथेच थिजलं. तिने सुचवलं की व्हिडिओ काढून पाठव. त्याचं उत्तर आलं, 'समोर कुणी बघत नसेल तर मी बोलू कुणाशी?'

म्हणून जास्त वेगाचं इंटरनेट.

ही सगळी हकीकत नेवेन्काने मावशींना कधी सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी मात्र सांगावी लागली, कारण मावशी वाटीभर मुळ्याचं लोणचं घेऊन वर आल्या आणि सरळ विचारू लागल्या की सिनेमे बघायचेत का तुला, की एखादा पुरुष गाठलायस तिकडे. नेवेन्काने भावाचं सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं, वाटी टेबलावर ठेवली आणि खाली गेल्या.

तीन-चार दिवसांनी त्या पुन्हा आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "बंद केलं त्याचं खातं. उद्या माझ्याबरोबर चल, पासपोर्ट घे, तुझ्या नावावर नवीन घेऊ."

नेवेन्काने त्यांना आत बसवलं. चहा केला. कपातली पानं तळाशी बसेपर्यंत मावशी खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याच्या फोनवर निरोप यायचा," त्या म्हणाल्या. "'आदरणीय श्री. लुओ, आपण आमचे जुने ग्राहक आहात.' म्हणून तो फोन मी चार्ज करून ठेवायचे. आता त्याला आदरणीय म्हणणारं दुसरं राहिलंय कोण? मी तर जन्मभर म्हाताऱ्या म्हणूनच हाक मारली. पंचविशीत होता तेव्हासुद्धा."

नेवेन्का म्हणाली की तिने हे मागायला नको होतं.

"तू कुठे मागितलंस? त्या पोरीने विचारलं, कधी वारले. मी सांगितलं. तिने बोटाने काहीतरी दाबलं. चेहरा दाखवायला दोन मिनिटं लागणार होती ना, तेवढ्याच वेळात गेला." मावशींनी चहाचा घोट घेतला. "पाणी फार गरम नव्हतं तुझं. पानं फुललीच नाहीत."

नवीन जोडणीसाठी पू नावाचे मिस्त्री आले. चाळिशीचा, सडपातळ माणूस, बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवलेल्या. मावशी त्यांच्यामागे खोलीभर फिरत होत्या. इथे भोक नको, तिथे वायर लोंबायला नको, भिंत मागच्याच वर्षी रंगवलीय. पू मिस्त्री सगळ्याला "हो मावशी" म्हणत होते आणि आपल्याला हवं तिथेच ड्रिल लावत होते.

काम झाल्यावर त्यांनी आपल्या मोबाइलवर वेग तपासून दाखवला. आकडा मोठा होता. नेवेन्काने विचारलं की युरोपात बोलताना आता चित्र अडकणार नाही ना.

पू मिस्त्रींनी मान खाजवली. "खरं सांगू का? या शहरात, या देशात उडेल हे. सीमेपलीकडचं आमच्या हातात नाही. तिकडच्या रस्त्यावर गर्दी असली की तुम्ही कितीही वेगाची घ्या, उभीच राहणार गाडी." मग तिचा चेहरा बघून म्हणाले, "पण करून बघा. घरातून बाहेर पडतानाचा तरी अडथळा गेला."

मावशी भडकल्या. हे आधी सांगायला काय झालं होतं, एवढं सगळं करून घेतल्यावर सांगताय, म्हणाल्या. पू मिस्त्रींना 'एवढं सगळं' म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यांनी भुसा झाडला, पिशव्या काढल्या आणि गेले.

रविवारी संध्याकाळी, झायेचारमध्ये दुपार व्हायच्या आधी, नेवेन्काने भावाला फोन लावला. मावशी ओट्यापाशी घेवड्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. खाली गॅस संपलाय, म्हणाल्या होत्या.

रादोये दिसला. चित्र एकदा फुटलं, पुन्हा जुळलं आणि मग स्वच्छ झालं. त्याच्या बाहीवरचं पीठसुद्धा दिसत होतं. त्याने काही वेळ फक्त हात उघडून-मिटून दाखवले. नीट दिसतात, असं तिने सांगितलं. मग त्याने सुरुवात केली.

आईला हातांची भाषा येत नाही, असंच दोघं लहानपणापासून समजत होती. आई त्याच्यासमोर तोंड मोठं करून ओरडायची. चारचौघांत त्याने हात वर केले की खाली दाबायची. त्याचं आईला आणि आईचं त्याला सांगायचं काम नेवेन्काचं. अगदी शाळेत जायच्या आधीपासून. जेवताना, डॉक्टरकडे, वडिलांच्या दफनाच्या वेळीही. पस्तीस-चाळीस वर्षं तिने तेच केलं, आणि मग चीनमधली नोकरी आली तेव्हा ती निघून गेली.

शेवटच्या आठवड्यात आईची वाचा गेली, रादोये सांगत होता. डावी बाजूही गेली. आणि मग तिने उजवा हात उचलला आणि ती बोलायला लागली.

"काय बोलायला लागली?" नेवेन्काने विचारलं.

"सगळं. तिला सगळं येत होतं. आपण दोघं जेवताना बोलायचो ते ती इतकी वर्षं बघत होती. एका हाताने बोलायची, म्हणून हळू. उशी सरकव म्हणाली. पाव जास्त भाजतोस म्हणाली."

त्याने डोळे पुसले, मग हात पँटला पुसले. ओल्या हातांनी बोलायचं नाही, ही त्याची जुनी सवय.

"मी म्हणालो, नेवाला बोलावतो. अजून चार दिवस होते, नेवा, तू पोचली असतीस. तिने नको म्हटलं. तुझं नाव असं घेतलं." त्याने गालाला बोट लावलं. घरात तिचं हेच नाव होतं, तिथे पडणाऱ्या खळीवरून. "म्हणाली, ती आपल्या दोघांची जीभ होऊन होऊन थकली. म्हणून लांब गेली. आता तिला बोलावू नकोस, आपलं आपण बोलू. मी ऐकलं तिचं. ते तुला सांगायचं होतं. मी बोलावलं नाही."

त्याने हात मांडीवर ठेवले. बहिरी माणसं बोलणं संपल्यावर ठेवतात तसे, पालथे.

नेवेन्का बसून राहिली. काहीतरी आत हलेल असं तिला वाटलं. ते हलतंय का, हे ती बघत राहिली. तिचे हातही मांडीवर होते. पापणी लवत होती की नाही, तिलाच कळत नव्हतं. मागे शेंगा मोडण्याचा आवाज थांबला होता. मावशींना यातलं काही कळायचं कारण नव्हतं, पण त्यांनी हातातली शेंग बाजूला ठेवली होती.

पडद्यावर रादोये पुढे झुकला. त्याने डोळे बारीक करून पाहिलं, पडद्यावर बोटाने टिचकी मारली आणि मग दोन्ही हात वर करून विचारलं, "अडकलं का चित्र?"

तिने उजवा हात उचलला. तो जड होता.

"नाही," ती म्हणाली. "मी आहे इथे."