कुलपांचं वजन

"राहू द्या, बूट नका काढू. एवढा झगा, एवढी शाल, कुठे सोडत बसता? मी अंदाजाने दोन पौंड कमी लिहिते."

मित्रांनो, हा मायाळू आवाज पद्मिनी सिस्टरचा. कानात राहिला आहे खरा, पण आठवला की माझा दांडा आपोआप खाली झुकतो.

मी एक जुना वजनकाटा आहे. लोखंडी पाट, उभा खांब, वर आडवा दांडा आणि त्यावर सरकणारी दोन वजनं. मिनिआपोलिस शहरातल्या एका दवाखान्यात गरोदर बायांना तोलत माझी तीस वर्षं गेली. "काटा असावा तर असा!" असं डॉक्टर म्हणायचे आणि मी फुशारून जायचो.

मग सोमालियातलं युद्ध सोडून आलेल्या बाया दवाखान्यात येऊ लागल्या. पायघोळ कपडे, हातांवर मेंदी, जमिनीकडे नजर. पद्मिनी सिस्टर मूळची नागपूरची. कुणाची लाज उघडी पडू नये म्हणून जपायची. कार्ड भरताना गुणगुणायची,

पोटीच्या बाळाला गं काय देऊ सांगा,
चिमूटभर माया, ओंजळभर जागा.

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात होदान आली. बावीस वर्षांची, पहिलटकरीण. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून नवराच दुभाष्या. सिस्टरने विचारलं, "जेवण नीट जातं ना?" नवऱ्याने तिला न विचारताच सांगितलं, "हो हो, भरपूर!"

ती पाटावर चढली आणि मला कळलं. जिवंत वजन श्वासाबरोबर हलतं, मेलेलं वजन नुसतं बसून राहतं. तिच्या परकराच्या आत शिवलेल्या खिशात पितळी कुलपं होती! नवरा कुलपांच्या दुकानात कामाला होता. सहाव्या महिन्यात दोन, आठव्यात पाच. कुलपं वाढत होती, होदान वाळत होती.

का, म्हणून विचाराल. तिच्या थोरल्या बहिणीचं पोट चिरून बाळ काढलं होतं, आणि ती बहीण वाचली नव्हती. म्हणून होदानने ठरवलं, कमी खायचं. बाळ लहान राहील, आपसूक येईल, सुरी लागणार नाही. आणि वजन वाढलं नाही तर डॉक्टर रागावतील, म्हणून कुलपं. तिच्या ओळखीतल्या कितीतरी जणी अशाच अर्धपोटी राहायच्या.

हे कारण मला फार उशिरा समजलं. तेव्हा मी फक्त आकडा दाखवला. सिस्टर म्हणाली, "शाब्बास, होदान! असंच चालू दे." उतरताना परकरात खण्ण वाजलं. सिस्टरची लेखणी थबकली. मग पुन्हा चालू लागली.

मुलगी झाली, जेमतेम साडेतीन पौंडांची. तीन आठवडे काचेच्या पेटीत होती. जगली बिचारी. पण मित्रांनो, त्या पाच कुलपांचं वजन तिच्यापेक्षा जास्त भरलं असतं. ही लाज मी कुठल्या पारड्यात टाकू?

पुढे दिव्यांचे आकडे दाखवणारा नवा काटा आला आणि मला मागच्या बोळात, पडद्याआड ढकललं. दुःख झालं नाही. वाटलं, बरं झालं. मित्रांनो, एक मागणं आहे. आम्हां यंत्रांना पुसा, तेल घाला, पण आमच्यावर सगळं सोपवू नका. आम्ही आकडा सांगतो. माणसाला माणसानेच विचारावं लागतं.

दोन वर्षांनी पडदा सरकला. होदान! पुन्हा सहावा महिना, गालफडं बसलेली. या वेळी सोबत नवरा नव्हता. तिची आत्या आली होती, ठसठशीत, इंग्रजी फाडफाड बोलणारी.

"नवा काटा सोडून या म्हाताऱ्याकडे का आणलंत?" आत्या म्हणाली. "हा तर माझ्यापेक्षा कुरकुरतो!"

"इथे कुणी येत नाही म्हणून," सिस्टर म्हणाली. आधी ती स्वतःच बूट काढून माझ्या पाटावर चढली. माझा दांडा ठरेना.

"आत्या, हिला सांगा. मागच्या वेळी कुलपं वाजलेली मी ऐकली होती. वाटलं, विचारलं तर हिचा अपमान होईल. खरं म्हणजे मलाच भीती वाटली. सुरीच्या भीतीने कितीतरी जणी अर्धपोटी राहतात, हे मला नंतर कळलं. ऑपरेशन लागणारच नाही, असं वचन मी देऊ शकत नाही. पण हिला विचारल्याशिवाय कुणी काही करणार नाही. मी शेजारी उभी राहीन."

आत्या सोमालीत सांगू लागली. सांगता सांगता तिचा आवाज चढला, "कुलपं? अगं, मलासुद्धा सांगितलं नाहीस?"

होदानने परकरात हात घातला. एक कुलूप काढून खिडकीत ठेवलं, मग दुसरं, मग तिसरं. आत्या बोलायला गेली, तर तिने हातानेच थांबवलं आणि शिकलेल्या चार इंग्रजी शब्दांत स्वतःच म्हणाली,

"सिस्टर, मला भूक लागते."