डाव्या सीटचं वजन

"कापू?" मिस्त्रीने विचारले. हातात ग्राइंडर, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि एक गुडघा जमिनीला टेकलेला.

"काप."

"एकदा कापलं की कापलं. उद्या येऊन म्हणशील, आधीची होती तीच बरी होती, तर ती मिळायची नाही. हे कान गेले की गेले."

"काप म्हटलं ना!"

कान म्हणजे चासीला, गाडीच्या सांगाड्याला, जडवलेले लोखंडी कान. गाडीच्या पुढच्या चाकांचे हात त्यांना अडकवलेले असतात. मिस्त्रीने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ग्राइंडर सुरू केला. ठिणग्यांचा फवारा उडाला की गिऱ्हाइके चार पावले मागे सरकतात, भिंग्या मात्र दोन पावले पुढे गेला. मग मागे आला. मग गाडीला एक फेरी मारली, दारातल्या नळाखाली हात धुतले, आणि हात ओले आहेत हे विसरून पुन्हा धुतले.

भिंग्या हे त्याचे खरे नाव नव्हे. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत सत्तावीस वर्षे तो भिंगे घासत होता, म्हणून मिस्त्रीने ठेवलेले नाव गॅरेजभर झाले. केसाएवढा फरक त्याच्या नजरेतून सुटत नसे. दिवसातले आठ तास एका स्टुलावर बसून राहण्याचे त्याचे काम होते आणि बसण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण गेल्या सात आठवड्यांत त्याला घटकाभर कुठे बसवेना. दुकानाच्या मालकाने शेवटी सांगितले, महिनाभर येऊ नका, चार भिंगे फोडलीत.

गाडी बावीस वर्षांची, उंच, जाड पत्र्याची, चारही चाकांना जोर मिळणारी. तिची पुढची दोन चाके आपापल्या हाताने वरखाली व्हायची, म्हणून रस्त्यावर ती पाळण्यासारखी चाले. दगडांत मात्र तिचे काही खरे नसे. एक चाक खड्ड्यात लोंबकळले की बिचारी तिथेच चाक फिरवत बसायची. भिंग्याला ती दगडांत न्यायची होती. रविवारी कोरड्या नदीपात्रातून गाड्या चढवणारी पाच-सात माणसांची टोळी होती, त्यांच्यात जायचे होते. त्यासाठी या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच लोखंडी दांडा हवा, सॉलिड ॲक्सल. एक चाक वर गेले की तोच दांडा दुसऱ्याला खाली दाबतो आणि गाडी जमीन सोडत नाही. मोडीत निघालेल्या एका ट्रकचा तसा ॲक्सल त्याने सहा वर्षांपूर्वी शोधून आणला होता, धुऊनपुसून, ग्रीस लावून मिस्त्रीच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवला होता. बसवायचा मुहूर्त ठरला आणि अप्पांची मूत्रपिंडे गेली.

अप्पा त्याचे वडील. जन्मभर बस चालवलेला माणूस. सोमवार, बुधवार, शनिवार, दुपारी एक वाजता डायलिसिस. पाठीचे दोन मणके आधीच दबलेले. डॉक्टरांनी बजावले होते, धक्का बसता कामा नये. सॉलिड ॲक्सलची गाडी डांबरी रस्त्यावर बारीकसा खडासुद्धा कमरेपर्यंत पोचवते. तेव्हा काम राहिले. दोन वर्षे राहिले, चार वर्षे राहिले, साडेपाच वर्षे राहिले.

अप्पा डाव्या सीटवर बसायचे आणि मुलगा पन्नाशीचा झाला तरी त्याला गाडी शिकवायचे. "क्लचवरचा पाय काढ. आरामखुर्ची आहे का ती?" परतताना मात्र थकून गाढ झोपत. कधी मधेच जागे होऊन विचारत, "माझ्यामुळे तुझं लोखंड गंजत पडलंय ना रे?"

"ग्रीस लावलंय त्याला. तुम्ही झोपा," भिंग्या म्हणायचा.

एकदा मात्र तोंडातून निघून गेले होते. भर उन्हात तासभर रस्ता तुंबलेला, मागून भोंगे, दुकानातून फोनवर फोन. तो म्हणाला, "तुम्ही नसता ना अप्पा, तर ही गाडी आत्ता डोंगरावर असती." अप्पा हसले. "असेल, असेल," म्हणाले. "पुढचा सुटला बघ, गिअर टाक." त्यानंतर ते वर्षभर जगले. त्या वर्षात भिंग्याने ते वाक्य परत घ्यायचे शंभरदा ठरवले आणि एकदाही घेतले नाही.

आता ते नव्हते. आणि सोमवार, बुधवार, शनिवारी साडेबाराच्या ठोक्याला त्याचा हात खुंटीवरच्या किल्लीकडे जायचा. गाडीत बसायची हिंमत होत नव्हती. एकदा बसला तो इंजिन सुरू न करताच उतरला. गॅरेजपर्यंतही ती मिस्त्रीनेच येऊन नेली होती. या गाडीची दुसरी गाडी करायची, एवढेच त्याच्या मनाने घेतले होते. तिचा आवाज बदलावा, चाल बदलावी, धक्के बदलावेत. म्हणजे मग तिच्यात बसता येईल. नाहीतर ती विकावी लागेल, आणि ते त्याच्याच्याने होणार नव्हते.

बायकोला हे पटले नव्हते.

"अहो, बसा ना जरा. आल्यापासून तीनदा गॅस बघितलात," ती म्हणाली.

"बसलोच आहे."

"कुठे बसलात? उभे आहात." तिने ताट पुढे सरकवले. "कापला का पुढचा भाग?"

"कापला."

तिने आमटी वाढली. मग म्हणाली, "त्यांना घरात झोप लागायची नाही. त्या गाडीत लागायची."

"म्हणूनच," भिंग्या म्हणाला आणि ताटावरून उठला.

काम अडीच आठवडे चालले. ॲक्सल आला, त्याच्यावर पाटे, म्हणजे गाडी पेलणाऱ्या स्प्रिंगा, आले, स्टीअरिंगचा दांडा नवीन करावा लागला. भिंग्या रोज हजर. मिस्त्रीच्या मधेमधे करायचा, पाने उचलून द्यायचा, नको तेव्हा टॉर्च धरायचा. मिस्त्री एकदा वैतागून म्हणाला, "तुझ्यापेक्षा माशी बरी. ती निदान बसते तरी."

मिस्त्रीची कामाची एक रीत होती आणि ती तो कुणासाठी मोडत नसे. पाटे ज्या बैठकांवर टेकतात, त्या बैठका तो आधी पक्क्या करायचा नाही. वेल्डिंगचे नुसते चार ठिपके मारायचा. मग गाडी चाकांवर उतरवायची, तिच्यात तिचे रोजचे वजन घालायचे, तिला बसू द्यायचे, आणि मग चारी कोपऱ्यांची उंची मापायची. एखादी बाजू खाली गेली तर त्या बैठकीखाली तेवढी पट्टी घालायची आणि मगच पुरे वेल्डिंग. "मोकळी गाडी खोटं बोलते. भरली की खरं सांगते," असे तो म्हणायचा.

त्या दिवशी दुपारी त्याने हात पुसले. "मी जेवून येतो. रोजचं वजन घाल आणि मापं घेऊन ठेव. तुझं माप असल्यावर मला पुन्हा बघायला नको."

भिंग्याने मागे हत्यारांची पेटी ठेवली. पाण्याचे दोन कॅन ठेवले. जादा चाक होतेच. मग कोपऱ्यातल्या वाळूच्या गोण्या काट्यावर चढवून त्याने डाव्या सीटवर ठेवल्या. एक पंचवीसची, दुसरी पंचवीसची, वर एक दहाची. साठ किलो. डायलिसिसला माणसाचे वजन दोनदा करतात, आधी आणि नंतर. अप्पा जाताना साठ असायचे, येताना अठ्ठावन्न. साडेपाच वर्षे तो आकडा त्याने आठवड्यातून सहा वेळा ऐकला होता. आपण काय करतो आहोत हे त्याला कळत नव्हते असे म्हणता येणार नाही. कळत होते. कळत असूनच त्याने सीट दोन खाचा मागे घेतली, कारण अप्पांचे गुडघे पुढे टेकायचे, आणि गोण्यांवरून पट्टा ओढून खटका लावला. दार हळू लावले. मग टेप घेऊन तो चारी चाकांपाशी बसला, केसाएवढीही चूक न करता आकडे पाटीवर लिहिले.

पुढची डावी बाजू पाऊण इंच खाली होती.

मिस्त्री आला, त्याने पाटी वाचली आणि डाव्या बैठकीखाली पाऊण इंचाची पट्टी घातली. दारे बंद, काचांवर अडीच आठवड्यांची धूळ, आत डोकावायचे त्याला कारणच नव्हते. त्याने वेल्डिंग पक्के केले. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता. गोण्या उतरवतो न उतरवतो तोच भिंग्या स्टीअरिंगवर बसला.

"अरे थांब! शेवटचं एकदा बघू दे."

"आल्यावर बघ!"

गावाबाहेरचे नदीपात्र पंधरा मिनिटांवर. गाडी खरोखरच दुसरी झाली होती. रस्त्यावरचा खडा न् खडा मणक्यात वाजत होता, दारे खडखडत होती, टपातून नवाच सूर येत होता. पात्रात शिरल्यावर तर तिने कमाल केली. डावे चाक गुडघाभर दगडावर चढले, उजवे खड्ड्यात घट्ट टेकून राहिले आणि गाडी जराही न घुटमळता वर आली. साडेपाच वर्षे जे डोळ्यांपुढे होते ते हुबेहूब घडत होते. आता आनंद होईल म्हणून भिंग्या वाट बघत राहिला. तो काही झाला नाही.

आणि स्टीअरिंग सरळ राहत नव्हते. गाडी उजवीकडे ओढत होती. परतताना त्याच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक खड्ड्याशी तो गाडी कासवाच्या चालीने घेत होता आणि उजवे चाक खड्ड्यात घालून डावे वाचवत होता. साडेपाच वर्षांची सवय. त्याने ठरवून एक खड्डा सरळ घेतला. पुढच्या खड्ड्याला हात पुन्हा आपोआप वळले.

गाडी गॅरेजच्या फरशीवर उभी राहिली तेव्हा मिस्त्री समोर येऊन कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"ही उजवीकडे झुकलीय."

"ओढतेय पण."

"ओढणारच. ॲक्सल चोख आहे, पाटे चोख आहेत." त्याने डावीकडची पट्टी बोटाने चाचपली. "डावीकडे काय घातलं होतंस?"

भिंग्या खाली उतरला होता. तो चाकाकडे बघत राहिला. "साठ किलो."

"बरं. आणि उजवीकडे?"

"उजवीकडे काही नाही."

"काही नाही म्हणजे? गाडी कोण चालवणार, तुझा आजा?" मिस्त्री हसायला लागला. "एवढं केसाएवढं माप घेणारा माणूस तू, अन् स्वतःलाच मोजायचा विसरलास? आणि डावीकडे साठ किलोचं रोज कोण..."

तो मधेच थांबला. अप्पांना तो ओळखत होता. गॅरेजात आले की गाडीतूनच काठीने खुणावून त्याच्या चुका दाखवायचे.

"जाताना साठ असायचे," भिंग्या म्हणाला. "येताना अठ्ठावन्न." आणि मग, जणू तेही मापाचेच होते, तसाच सरळ म्हणाला, "मी त्यांना बोललो होतो रे एकदा. तुम्ही नसता तर गाडी डोंगरावर असती, असं."

मिस्त्रीने खिशातला फडका काढून विनाकारण हात पुसले. "मला सांगितलं होतं त्यांनी."

"काय सांगितलं?"

"तेच. हसत होते. म्हणाले, पोरगं खरं बोललं. मी ड्रायव्हर असून त्याची गाडी अडवून बसलोय." मिस्त्री थोडा घुटमळला. "आणि म्हणाले, पण मिस्त्री, काय चालवतो! पाण्याचा पेला ठेव, हिंदकळायचा नाही. मला नाही कधी तशी जमली."

भिंग्याने चासीवर हात टेकला.

"पट्टी काढावी लागेल. वेल्डिंग कापून," मिस्त्री म्हणाला. "कापू?"

या वेळी भिंग्याने लगेच हो म्हटले नाही. मग त्याने मान डोलावली.

"मग आधी नीट माप घेऊ. चढ वर. तुझ्या जागेवर बस. डावीकडे काही नको."

तो उजव्या सीटवर जाऊन बसला.

"हात मांडीवर ठेव. मागे टेक. आणि हलू नकोस, तू हललास की पाटे हलतात."

भिंग्या मागे टेकला. मिस्त्रीची टेप पुढच्या चाकाशी वाजली, मग मागच्या. शेजारची सीट दोन खाचा मागे होती, पट्टा सुटून आत गेलेला, आसनाच्या शिवणीत गोणीतली थोडी वाळू सांडलेली. तो तिच्याकडे बघत होता. गाल ओले झाले, पण पुसायला त्याने हात उचलला नाही. अप्पा गेल्यापासूनच्या नऊ-दहा आठवड्यांत पहिल्यांदाच तो इतका वेळ एका जागी बसला होता.

चारही मापे पाटीवर लिहून झाली. मिस्त्रीने खिडकीतून एकदा आत बघितले. "झालं, उतर" हे शब्द त्याच्या तोंडाशी आले होते. ते त्याने गिळले, ग्राइंडरची वायर भिंतीतून काढून ठेवली आणि एक रिकामा डबा उपडा करून गाडीपाशी बसून राहिला.