जमालने मारलेला पत्रा

गुरुप्रसादला जाऊन वर्ष झालं, तेव्हा त्याची लेक अक्षया ती लाल गाडी टोचन करून कुडाळला जमालच्या गॅरेजात घेऊन आली. दोन माणसांची, साठ वर्षं जुनी विलायती स्पोर्ट्स कार. पुण्याचं गिऱ्हाईक मिळालं होतं. चेपलेलं नाक त्याला चालणार होतं, सायलेन्सर मात्र नवा हवा होता. गुरुप्रसादने मागवलेला सायलेन्सरचा पाइप तो गेल्यावर पंधरा दिवसांनी घरी आला होता. अक्षयाने तो खोका न उघडताच आणला होता.

जमालने गाडी जॅकवर उचलली आणि खाली सरकला. जुन्या पाइपावर त्यानेच वेल्डिंग करून मारलेला पत्रा एका कडेने सुटला होता. त्याच्या बरोबर वर, चालवणाऱ्याच्या पायांपाशी, गाडीचा तळ गंजून भोक पडलं होतं. भोकाभोवती काजळी होती.

पाइप खाऱ्या हवेने चाळण झालाय, नवा येईपर्यंत गाडी काढू नकोस, असं त्याने गुरुप्रसादला बजावलं होतं. गुरुप्रसादला एकदाच गोव्याला जाऊन यायचं होतं. मग जमालने पत्रा मारून दिला. तळ तपासायचं त्याच्या मनातही आलं नाही.

परतताना आषाढाचा पाऊस होता. गाडीचं कापडी टप ओढलेलं, काचा बंद. त्याच्या गावाच्या, वालावलच्या, अलीकडच्या वळणावर गाडी सरळ आंब्यावर गेली आणि तो जागीच गेला. गोव्याहून येत होता म्हणजे प्यायला असणार, हे गावाने तिथंच ठरवून टाकलं. पूर्वी तो प्यायचाही. बायको संचिता तर वर्षश्राद्धाला तोंड फिरवून बसली होती.

गाडीखालून बाहेर येऊन जमालने अक्षयाला सगळं सांगितलं. सायलेन्सरचा धूर या भोकातून आत भरला की माणसाला कळतही नाही, डोकं जड होतं, झापड येते.

"म्हणजे बाबा पिल्ले नाय होते?"

"नाय गो. पत्रो मी मारलंय. गाडी मीच सोडलंय."

तिने वाकून भोकाभोवतीच्या काजळीवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "आयेक सांगशात तुमी?"

दुसऱ्या दिवशी तो वालावलला गेला. संचिता पडवीत तांदूळ पाखडत होती. त्याने उभ्यानेच सांगितलं, स्वतःची चूकही लपवली नाही. ती शिव्या देईल, म्हणून तो मन घट्ट करून आला होता. तिने सूप खाली ठेवलं.

"माका फोन इल्लो तेंचो," ती म्हणाली. "डोक्या गरगरता म्हणाले. जीभ जड झालेली. माका वाटला, परत पिल्ले. मी म्हटलंय, असो येवचो आसलास तर घराक येव नको."

फोन तिने कापला होता. त्यानंतर अर्ध्या तासाने गाडी झाडावर गेली. हे तिने आजवर लेकीलाही सांगितलं नव्हतं. अक्षया दारात उभी होती.

"ह्यां माका कित्याक सांगलंस, जमाल?"

अक्षया पुढे झाली नाही, आईनेही तिच्याकडे पाहिलं नाही. जमाल पायऱ्या उतरला.

नवा पाइप त्याने त्याच आठवड्यात बसवला. तळाला जाड पत्रा लावला, दोनदा तपासला. गिऱ्हाइकाचा माणूस गाडी घेऊन गेला. अक्षया आली नाही.