अज्ञात लोककलाकाराचा मोबाईल नंबर

हे लिहायचंच नाही, असं सम्राटनं जवळजवळ ठरवलं होतं. सुप्याच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मोबाईल काढायचा, चार ओळी टाइप करायच्या आणि भोंगा झाला की सगळं पुसून टाकायचं, असं बरेच दिवस चाललं होतं. राग उतरला की लिहू, असं त्याला वाटत होतं. पण राग काही उतरेना. डब्यातली भाकरी मोडतानासुद्धा डोळ्यांपुढं तो शेपूट कापलेला बिबट्या यायचा. शेवटी म्हणला, चला, रागातच लिहू.

तर झालं असं.

सम्राटचं एक पेज आहे. 'आपल्याला आवडलं' नावाचं. त्याचं कलेचं शिक्षण शून्य. बारावीनंतर आयटीआय, आयटीआयनंतर कंपनी. पण काही आवडलं की चार जणांना दाखवल्याशिवाय त्याच्या पोटात मावत नाही. कुठल्याशा परदेशी पिक्चरमधला एक शब्दही न बोलता गेलेला सीन, लग्नात ऐकलेल्या बँडवाल्याची क्लॅरोनेट, पारनेरच्या प्रज्ञा नावाच्या मैत्रिणीनं एसटी स्टँडवर अनाउन्समेंट करणाऱ्या बाईवर मोबाईलवर केलेली छोटी फिल्म. सगळे एकाच पंगतीत. कुणाला पाट नाही, कुणाला वेगळं ताट नाही.

आणि या पंगतीत सगळ्यात जास्त वेळा बसलेला माणूस म्हणजे मच्छिंद्र.

मच्छिंद्र पाथर्डीकडचा. कधीकाळी दोघं सुप्यात एका खोलीत राहायचे, एकाच ठेकेदाराकडे कामाला होते. मच्छिंद्रला ते पुठ्ठ्याची खोकी चिकटवणं मानवलं नाही. तो खोक्यांवर चित्रं काढायला लागला. सुपरवायझर बोलला, तर हा सुपरवायझरचंच चित्र काढून गावाकडं निघून गेला. आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतो. दसरा-दिवाळीच्या दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्याआधी प्रत्येकाला ट्रॉलीचा मागचा फाळका नवा करून पाहिजे असतो. दुसरे पेंटर मोर काढतात, कमळ काढतात, उगवता सूर्य काढतात. मच्छिंद्र बिबट्या काढतो.

डरकाळी फोडणारा बिबट्या वेगळा. हा उसाच्या मोळीवर बूड टेकून बसलेला, गळ्यात पंचा, शेजारी भाकरीचं फडकं, आणि तोंड फाडून जांभई देतोय. सगळा ऊस जणू त्याच्याच बापाचा. त्या ट्रॉलीच्या मागं मोटरसायकल असली की माणूस पुढं काढायचं विसरतो. खाली उजव्या कोपऱ्यात, बिबट्याच्या शेपटीच्या वळणात, पिवळ्या अक्षरात लिहिलेलं: मच्छिंद्र पेंटर, पाथर्डी. त्यापुढं मोबाईल नंबर. शेपूट जशी वळते तसा नंबरही वळतो. मच्छिंद्रला लाजबिज काही नाही. उघड म्हणतो, "बिबट्या कुनी बी काढील. शेपटीत नंबर बसवून दाखवा म्हनावं."

यंदा मात्र त्याची मान जरा खाली होती. कुणीतरी त्याच्या बिबट्याचा फोटो मारून त्याची छापील स्टिकरं काढली. शेपटीतला नंबर पुसून. बाजारात स्वस्तात मिळतात, चिकटवलं की झालं. अर्ध्या ट्रॉल्यांवर ते स्टिकर आलं, आणि वर लोक मच्छिंद्रलाच म्हणायला लागले, "तू ते स्टिकरवरनं काढतोस व्हय?" म्हणजे आपल्याच पोराला दुसऱ्याच्या नावानं हाक मारलेली ऐकायची. असंच चाललं तर ब्रश ठेवून कोयता उचलायचा आणि आईबापासोबत टोळीत जायचं, एवढंच त्याच्या हातात उरलं होतं.

अशात सम्राटला नगरहून फोन आला. काकासाहेब म्हणून एक गृहस्थ, शहरात कला महोत्सव भरवतात. म्हणाले, "तुमचं पेज आम्ही पाहतो. आमच्याकडे 'माझ्या आवडीचं' असा एक कार्यक्रम आहे. या, बोला. फोटो आधी पाठवा, मंचामागचा फ्लेक्स त्यावरूनच करू."

सम्राट हवेत. त्यानं बिबट्याचा फोटो पाठवला, खाली मच्छिंद्रचं पूर्ण नाव, गाव, सगळं लिहिलं. मग मच्छिंद्रला फोन केला.

"मच्छ्या, तुझा बिबट्या नगरात मोठ्या स्टेजवर येतोय. नावासकट. ते स्टिकरवाले बी बघतील आता."

"खरं का रं?"

"खरं म्हंजी? नवा शर्ट घाल अन् ये."

कार्यक्रमाच्या दिवशी सम्राट सुट्टी टाकून दुपारीच हॉलवर पोचला. आत शिरला आणि जाग्यावरच थांबला. स्टेजच्या मागं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, बिबट्या. काय दिसत होता! पण काहीतरी चुकत होतं. सम्राटला आधी कळेना काय. मग कळलं. बिबट्याला शेपूट नव्हती. शेपूट जिथं वळायला सुरुवात होते, बरोबर तिथं फोटो कापलेला. आणि खाली झोकदार अक्षरात: 'अज्ञात लोककलाकार, पाथर्डी परिसर.'

खुर्च्या लावणाऱ्या ज्योतीनं तो फ्लेक्स केला होता. कॉलेजातली पोरगी. सम्राट तिच्याकडं गेला.

"ह्याची शेपटी कुठंय?"

"दादा, ते... खाली मोबाईल नंबर होता ना. सर म्हणाले, जाहिरात वाटते. काढून टाक."

"अन् नाव? नाव मी लिहून पाठवलं हुतं."

ती खाली बघायला लागली. तेवढ्यात काकासाहेबच आले. सिल्कचा झब्बा, खांद्यावर शाल, चेहऱ्यावर कौतुक.

"या या! कसा वाटला फ्लेक्स?"

"सर, हा माणूस अज्ञात न्हाईये. माझा मित्र हाय. सत्तावीस वर्षांचा हाय. आत्ता एसटीत बसलाय, येतोय इकडंच."

काकासाहेब हसले. सम्राटच्या पाठीवर हात ठेवला. तो हात सम्राटला अजून आठवतो.

"अरे बाळा, लोककलेत नाव नसतंच. तोच तर तिचा मोठेपणा. ती समूहाची असते. नाव घातलं की मग तो नुसता ट्रॉली पेंटर होतो. 'अज्ञात' म्हटलं की लोक थांबून बघतात."

"पर त्यानं नाव घातलंय ना! त्यानं स्वतः!"

"ते त्याला कळत नाही म्हणून घातलंय," काकासाहेब मायेनं म्हणाले आणि पाहुण्यांकडं निघून गेले.

सम्राट फ्लेक्सपुढं उभा राहिला. वर काकासाहेबांचं नाव, फोटोसकट. त्याखाली स्वागताध्यक्ष, निमंत्रक, सहनिमंत्रक, हितचिंतक, मित्रमंडळ. एकजणही अज्ञात नव्हता. आणि अगदी खाली डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, फ्लेक्स छापणाऱ्या दुकानाचं नाव आणि त्याचा मोबाईल नंबर. तो मात्र कुणाला जाहिरात वाटला नव्हता. छापणाऱ्याचा नंबर राहिला आणि चित्र काढणाऱ्याचा कापला! 

मच्छिंद्र आला तो कार्यक्रम सुरू होता होता. कोरा निळा शर्ट, घडी अजून मोडली नव्हती. मागच्या रांगेत बसला. सम्राट स्टेजच्या कडेला होता, तिथून त्याला मच्छिंद्रचं तोंड दिसत होतं. आधी ते फुललं. मग बिबट्याच्या मागच्या बाजूला शोधायला लागलं. मग खालचं वाचलं. मच्छिंद्रनं शेजारच्या माणसाला काहीतरी विचारलं, त्या माणसानं खांदे उडवले. सम्राटच्या मोबाईलवर मेसेज आला.

'आज्ञात म्हंजी मेलेला का रं?'

त्यावर सम्राट टाइप करायला लागला, तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं गेलं.

त्यानं बोलायचं सगळं पाठ केलं होतं. क्लॅरोनेटवाल्याबद्दल, प्रज्ञाच्या फिल्मबद्दल. पहिली दोन वाक्यं तो नीट बोललाही. मग मागं वळून बघितलं, आणि पाठ केलेलं सगळं गेलं.

"मला जे आवडतं ते मी का सांगत फिरतो माहितीये का? मला वाटतं, ज्यानं केलं त्याच्यापर्यंत ते जावं. कुनीतरी म्हनावं त्याला, बाबा, तुझं बघितलं, लई भारी वाटलं. आता ह्या बिबट्याचं कौतुक करायला तुमी कुनाला फोन लावनार? अज्ञाताला? ह्या चित्रात खाली नंबर हुता. कापलाय. मला पाठ हाय. घ्या मोबाईल हातात. घ्या की!"

त्यानं नंबर सांगितला. एकेक आकडा, सावकाश, शेवटपर्यंत. परत एकदा सांगितला.

दोघाचौघांनी मोबाईल काढले. मग पुढं कुणीतरी खरंच लावला. आणि मागच्या रांगेतून, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी, एक बाई ओरडायला लागली:

"मच्छ्याऽऽ! कुठं उलथलास रं? भाकर गार झाली!"

मच्छिंद्रची रिंगटोन. त्याच्या आईचा, भीमाबाईचा आवाज. त्यानंच कधीतरी गमतीनं रेकॉर्ड करून ठेवलेला. अख्खा हॉल हसला. एक कॉल कट केला की दुसरा यायचा, आणि भीमाबाई परत ओरडायची. माणसं वळून वळून बघायला लागली. मच्छिंद्र उभा राहिला, कानापर्यंत लाल. सम्राट माईकवर ओरडला, "ते बघा! ते अज्ञात!" आणि टाळ्या सुरू झाल्या. मच्छिंद्र दार ढकलून बाहेर गेला.

काकासाहेबांनी हळूच माईक काढून घेतला. "तरुण रक्त आहे," म्हणाले, "आपण पुढे जाऊ."

सम्राटनं मच्छिंद्रला रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाडीवर गाठलं.

"मच्छ्या..."

"बोलू नकू. माझ्या आईवर हसवलंस साऱ्यांना."

"तिला कोन हसलं? त्यांना कळाया पायजे हुतं की..."

"त्यांना काय बी कळलं न्हाई, सम्राट्या. आधी मी अज्ञात हुतो, आता मी रिंगटोनवाला झालो." त्यानं मोबाईल बंद करून खिशात टाकला. "एक फोन घेतला म्या. ढाबेवाला हुता कुनी. म्हनला, भिंतीवर बिबट्या काढ, पर नाव नगं, ढाब्याचं नाव टाकायचंय."

"मग?"

"म्हनलं, आपुन ट्रॉल्याच रंगवतो, भिंतीला चाकं लावून आन."

सम्राटला हसू आलं आणि तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. महोत्सवाच्या पेजवर फोटो पडला होता. बाहेर पडणाऱ्या मच्छिंद्रची निळी पाठ, आणि वर ओळ: 'आजच्या सोहळ्यास अज्ञात लोककलाकाराची विशेष उपस्थिती लाभली.'

सम्राटनं ते दोनदा वाचलं. नंबर सांगितला, माणूस उभा राहिला, आईनं नावानं हाक मारली, तरी अज्ञात! त्याच्या अंगठ्यांनी टाइप करायला घेतलं. शिव्याच यायला लागल्या.

मच्छिंद्रनं त्याचा मोबाईल काढून घेतला आणि चहाच्या पेल्याशेजारी पालथा ठेवला.

"एक विचारू? माझी चित्रं तू खरी कधी बघितलीस? समोर उभं ऱ्हाऊन?"

सम्राटनं चहाचा पेला उचलला.

"मी फोटो धाडतो, तू टाकतोस. तुला बिबट्या आवडतो. आवडू दे. पर माझं आवडतं कंचं, ते इचारलंस का कधी?"

"कंचं?"

"फाळक्याच्या आतल्या अंगाला असतंय ते. बाहेरनं दिसत न्हाई. आमच्या चुलत्याच्या ट्रॉलीला. टोळी निघती तवा ट्रॉलीत बसलेल्या मानसांची त्वांडं मागं असत्यात ना, त्यांच्यापुढं येतं. आमची वस्ती काढलीय. ज्येचं त्येचं घर, ज्येचं त्येचं दार. रतनबाईची शेळी बी हाय, अन् कुत्री. कुत्री तर आशी जमलीत, काय सांगू! गाव मागं जातं, पर फाळक्यावर ऱ्हातंय. मंग ऊस भरला की सगळं खरवडून निघतं. पुढल्या साली परत काढतो."

"त्याचा फोटो..."

"न्हाईच काढला कधी. अन् त्याच्यावर नंबर बी न्हाई. तिथं बसलेल्या समद्यांना म्हाईत हाय कुनी काढलंय ते."

सम्राटनं पेला खाली ठेवला. इतकी वर्षं आवडलं आवडलं म्हणून ओरडत होता, आणि या गड्याचं आवडतं चित्र त्यानं पाहिलंच नव्हतं. पुढच्या हंगामापर्यंत वस्ती पुन्हा खरवडली जाणार होती. पुढचा हंगाम मच्छिंद्र ब्रशवर काढेल का कोयत्यावर, कुणास ठाऊक.

"टोळी कधी निघती?"

"सोमवारी. पहाटं."

"मी येतो. ट्रॉलीतच बसतो, तुमच्यासंगट, कारखान्यापर्यंत."

"सुट्टी?"

"टाकीन. न्हाई दिली तर त्या सुपरवायझरला तू काढलेलं चित्र दाखवीन."

मच्छिंद्र पहिल्यांदा हसला. मग बोट उगारलं.

"अन् ते पेज?"

सम्राटनं पालथा मोबाईल उचलला, तसाच खिशात ढकलला.

"बिबट्याचं सगळ्या दुनियेला सांगीन, शेपटीसकट, नंबरासकट, जिथं जाईन तिथं. पर वस्तीचा फोटो काढनार न्हाई. नुसता बघीन. शब्द देतो, मच्छ्या."