जास्तीची खुर्ची

मी सलूनमधली खुर्ची बोलतेय. उभे का? बसा. मान मागे टेका, डोळे मिटलेत तरी चालेल. माझ्याकडे येणारं प्रत्येक माणूस डोळे मिटूनच ऐकतं, त्यामुळे मला समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून बोलायची सवय नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. मी थापा मारते. माझाही इलाज नाही. जिच्या अंगावर बसून लोकांनी आयुष्यभर गप्पा ठोकल्या, ती काय खरं बोलायला शिकणार? माझा जन्म कारखान्यात झाला तेव्हा माझ्या गादीत भरायला फोम कमी पडला, म्हणून कामगारांनी खिडकीतून एक ढग ओढून घेतला, असं मी सगळ्यांना सांगते. पायाजवळची दांडी दाबली की मी वर जाते. एकदा एका पैलवानाला इतकं वर नेलं की त्याला स्वतःच्या घराचं छप्पर दिसलं, आणि तिथे वाळत घातलेली चादर उडालीय हे त्यानं वरूनच बायकोला ओरडून सांगितलं. यातलं किती घ्यायचं ते तुम्ही ठरवा. पण आता जे सांगणार आहे, त्याला तिखटमीठ लावायची गरजच पडली नाही. तेवढं जसं घडलं तसं आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा अंगावर लालभडक रेक्झिन, हातांना चकाकी, आणि नाकात नव्या मालाचा माज. मला लाकडी पट्ट्यांच्या खोक्यात घातलं, वरून पुठ्ठा ठोकला. ट्रकमध्ये शेजारी माझ्यासारखंच एक खोकं होतं. आतून आम्ही एकमेकींशी बोलायचा प्रयत्न केला, पण दोघींनाही फक्त आपलंच कौतुक सांगायचं होतं.

ट्रक एका अरुंद सलूनसमोर थांबला. ड्रायव्हर घाईत होता. त्यानं दोन्ही खोकी उतरवली, सही घेतली आणि धुरळा उडवत गेला.

सलून एका न्हाव्याचं होतं. धाकटा भाऊ असल्यामुळे सगळा रस्ता त्याला दादाच म्हणायचा. वडिलांच्या काळातली जुनी खुर्ची बसता बसता खाली जायला लागली होती. गिऱ्हाईक दाढीला बसायचं आरशासमोर आणि उठायचं टेबलाखालून. म्हणून दादानं एक नवी खुर्ची मागवली होती. एक.

दोन खोकी बघून तो म्हणाला, "दोन भागांत पाठवली वाटतं." एक खोकं फोडलं. माझी बहीण अख्खीच्या अख्खी बाहेर आली, डोकं टेकायच्या उशीसकट. दादा खूश. "मग दुसऱ्यात सुटं सामान असेल. बघू निवांत."

तो निवांतपणा काही लवकर आला नाही. मला कोपऱ्यात ढकललं, वर वर्तमानपत्रं ठेवली, आणि थांबलेली गिऱ्हाइकं माझ्यावर बसायला लागली. म्हणजे माझं काम मी करतच होते, फक्त कुणाला ठाऊक नव्हतं.

पुठ्ठ्याला एक भोक होतं. त्यातून मला समोरची भिंत दिसायची. भिंतीवर दोन आरसे. एक कामाचा. दुसऱ्यावर ओले टॉवेल वाळत घातलेले. तो आरसा का झाकलाय, हे मला रेडिओकाकांकडून कळलं.

रेडिओकाका म्हणजे निवृत्त गृहस्थ. डोक्यावर केस नावापुरते, पण आठवड्याला कापायला हजर. एकदा सुरू झाले की बंद करायचं बटण नाही, म्हणून हे नाव. माझ्यावर बसून ते नव्या गिऱ्हाइकाला सांगत होते, "वडील होते तेव्हा इथे दोन खुर्च्या. एक मोडली. मग वडील गेले. एका खुर्चीवर दोन भाऊ कसे भागवणार? धाकटा बॅग उचलून गेला. आता अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन केस कापतो. रविवारी आईला भेटायला येतो, पण बाहेरूनच. दुकानात पाय ठेवत नाही."

"भांडण झालं का काय?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं," रेडिओकाका म्हणाले. दादाची कात्री क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली.

आई दुकानाच्या मागच्या खोलीत राहायची. दुपारी चहा घेऊन पुढे यायची आणि टॉवेल उचलून आरसा पुसून पुन्हा तसाच झाकून जायची. दादा रोज बघायचा आणि रोज न बघितल्यासारखं करायचा. माणसांना हे फार छान जमतं. मला अजून जमलेलं नाही.

मग एक दिवस रेडिओकाका नेहमीसारखे धाडकन बसले, आणि कडाड! वरची पट्टी मोडली. काका अर्धे आत.

"अरे, आत कुणीतरी आहे!" ते ओरडले. "मऊ आहे!"

सगळ्यांनी मिळून आधी काकांना बाहेर काढलं, मग मला. दादा कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिला. माझ्या बहिणीकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे.

"अरे, ही तर दुसरी खुर्ची!"

"घरबसल्या लॉटरी," रेडिओकाका पाठ चोळत म्हणाले. "गप्प बस आणि ठेवून घे. एवढ्या मोठ्या कंपनीला एक खुर्ची म्हणजे काय? तुझ्या दुकानात पडलेला एक केस."

आई दारात येऊन उभी होती. तिनं मला एकदा हात लावला आणि म्हणाली, "धाकट्याला बोलव."

आता दादाची पंचाईत समजून घ्या. तो लबाड नव्हता. गिऱ्हाईक रुमाल विसरलं तर धुऊन, घडी करून ठेवणारा माणूस. पण इथे रुमाल नव्हता. इथे भाऊ परत येत होता.

दुपारी दुकान रिकामं झाल्यावर त्यानं कंपनीला फोन लावला. मी ऐकत होते.

"हॅलो, सलूनवाला बोलतोय. तुमची खुर्ची पोचली बरं का. झकास आहे."

पलीकडून काहीतरी.

"नाही नाही, तक्रार कसली! म्हटलं, आपलं कळवावं. तुमच्या बाजूनं सगळं बरोबर आहे ना?"

पलीकडचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला. "आमच्याकडे नेहमीच सगळं बरोबर असतं!"

"मग झालं तर," दादा म्हणाला आणि फोन ठेवून कपाळ पुसलं. मग मागच्या खोलीकडे तोंड करून ओरडला, "आई, मी विचारलं गं त्यांना!"

मी थापाडी आहे, मला त्यातलं कळतं. एकही शब्द खोटा नव्हता. अशी थाप मलाही जमली नसती.

धाकटा आला. उंबऱ्यावर थोडा थांबला, मग आत. उंच, सडपातळ, खांद्याला बॅग. मला आता झाकलेल्या आरशासमोर मांडलं होतं; त्यानं माझ्याभोवती एक चक्कर मारली. पायानं दांडी दाबली, मी झोकात वर गेले. त्याला हसू आलं. बॅग फळीवर ठेवली, कात्र्या ओळीनं मांडल्या आणि आरशावरचे टॉवेल काढले. आईनं चहा पुढे केला, पण कप देताना तिचा हात बशीवरून सुटेना.

"हप्त्यावर घेतलीस का?" धाकट्यानं विचारलं.

"नाही रे. आली."

"आली म्हणजे? चालत आली?"

"चुकून जास्तीची आली. मी फोन केला होता त्यांना."

"बरं केलंस. काय म्हणालास?"

दादानं सांगितलं. जसं बोलला होता तसंच सांगितलं, हे त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. धाकटा आधी ऐकत राहिला, मग मोठ्यानं हसला.

"दादा, लहानपणी तू आईला असंच विचारायचास. 'आई, साखरेचा डबा जागेवर आहे ना गं?' आणि तोंडाला साखर लागलेली असायची."

"मी काय चोरी केली का?" दादा चिडला. "त्यांनी पाठवली. आणि कुणासाठी ठेवतोय? तुझ्यासाठीच ना?"

"म्हणूनच नको." धाकटा आता हसत नव्हता. "रस्त्यावर ट्रक थांबला की वाटणार, न्यायला आले. दारात अनोळखी माणूस दिसला की वाटणार, विचारायला आला. आणि माझ्या हातात काय असणार? वस्तरा. कुणाच्या तरी गळ्यावर. आपल्या धंद्यात हात थरथरून चालत नाही, दादा. बाबांनी आधी हेच शिकवलं होतं आपल्याला."

त्यानं कात्र्या बॅगेत भरल्या. टॉवेल आरशावर पुन्हा घातले, तेही नीट, कोपरे जुळवून. आईला म्हणाला, "येतो गं रविवारी." चहा तसाच राहिला.

आईनं तो चहा उचलला आणि आत नेऊन स्वतःच प्यायली.

दादा माझ्यावर येऊन बसला. न्हावी कधी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसत नाही, तेव्हा त्याला बसायचंही धड जमेना. समोर टॉवेलच्या फटीतून त्याचा अर्धा चेहरा दिसत होता. त्याच अर्ध्याकडे तो बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी रेडिओकाका दाढीला बसले, माझ्या बहिणीवर. फेस लावून झाला होता. बाहेर ट्रक थांबला. बांधकामाच्या सिमेंटचा ट्रक, आमच्याशी काही देणंघेणं नाही. पण दादाची मान दाराकडे वळली आणि वस्तरा हनुवटीवर किंचित सरकला.

"आईगं!" काका म्हणाले.

टिकलीएवढं रक्त. पण आजवर त्या दुकानात कुणाला कापलं नव्हतं. काकांनी बोट लावून बघितलं, आणि त्यांच्या आयुष्यात प्रथमच गप्प बसले.

दादानं तुरटी लावली, हात धुतले, पुसले. उरलेली दाढी पूर्ण केली, कारण अर्धी ठेवता येत नाही. मग फोन उचलला. या वेळी गिऱ्हाइकांसमोरच.

"मी एक खुर्ची मागवली होती. दोन आल्यात. हो, दोन. मागच्या वेळी फोन केला तेव्हाही मला हे माहीत होतं. सांगायचं राहिलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं."

पलीकडून तोच मोठा आवाज, पण वेगळाच. "अहो, कुठे होतात इतके दिवस! एक बाई नवं दुकान टाकतेय, रोज फोन करून रडतेय की खुर्ची आलीच नाही. आम्ही तिला म्हणतोय, पोचली, खोटं बोलू नका! ड्रायव्हर म्हणतो, मी तर दोन्ही उतरवल्या!"

दादानं फोन ठेवला आणि बराच वेळ कंगवेच धूत बसला. बाईंचा विचार त्याच्या डोक्यात आलाच नव्हता. माझ्याही नव्हता, खरं सांगायचं तर. जास्तीची वस्तू म्हणजे कुणाची तरी कमी पडलेली, हे खोक्यात बसून सुचत नाही.

मला न्यायला ट्रक आला तो नेमका रविवारी. धाकटा आईला भेटायला आलेला, बाहेरच्या पायरीवर. ड्रायव्हर एकटाच. मी जड बाई आहे, एकट्यादुकट्याला ऐकत नाही. दादानं मला पाठीकडून धरलं आणि भावाकडे बघितलं.

"पायाकडून धर."

"धरलंय. तू तुझं बघ."

"डावीकडे घे. आरसा आहे."

"आरसा कुठे आहे ते मला सांगतोस?"

इतकंच बोलणं झालं. पण मला उचलायला धाकटा उंबऱ्याच्या आत आला होता, आणि आईचं लक्ष फक्त त्याच्या पायांकडे होतं.

मला ट्रकमध्ये चढवल्यावर ड्रायव्हरनं मोडक्या खोक्याकडे बघितलं. "हे फुटलंय. जाळून टाका."

"राहू दे," धाकटा म्हणाला. तो आत गेला, हातोडी मागितली. पट्टी ठोकून बसवली, खोकं उलटं केलं, वर आईची उशी बांधली आणि ते झाकलेल्या आरशासमोर ओढलं. टॉवेल काढून दादाच्या खांद्यावर टाकले.

"जागा नाही म्हणाला होतास ना?"

"मी कधी म्हणालो?" दादा म्हणाला. "तूच गेलास."

"बरं. तू गप्प होतास. कोण बसतंय?"

रेडिओकाका पुढे झाले. "बसतो, पण पुन्हा आत गेलो तर आधी मला काढा, मग खुर्ची शोधा!"

ट्रक वळेपर्यंत मला दिसत होतं. जिथे मी बसायचे, तिथे माझं खोकं बसलं होतं. माझं कवच! त्याच्यावर हात फिरवत होते लोक. मला राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

आता मी त्या बाईंकडे आहे. पहिल्या दिवशी त्यांनी मला आधी पुसलं, मग माझ्या हातावर डोकं टेकून जराशा रडल्या आणि लगेच उठून आरसा लावायला लागल्या. माझ्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकून त्या लहान मुलांचे केस कापतात. रेक्झिनला दोन ठिकाणी ठिगळ आहे, वर जाताना मी थोडी कण्हते. वय झालंय, पण तोंड शाबूत आहे.

ब्लेड आणि पावडर विकायला येणारा माणूस दोन्ही दुकानांत जातो, त्याच्याकडून खबर मिळते. दोघा भावांनी पुढे दुसरी खुर्ची घेतली म्हणे, रीतसर. पण खोकं टाकलेलं नाही. आई दुपारी त्यावर बसून चहा पिते आणि दोघांच्या चुका काढते.

एक विनंती आहे. तुमच्या दारात असं एखादं खोकं आलं, आणि ते असायला हवं त्यापेक्षा जड लागलं, तर फोन करा, पण अख्खा करा. अर्धा नको. आतून सगळं ऐकू येतं, आणि मी सांगत सुटते.

चला, उठा आता. मान झटका, कॉलर बघून घ्या. मागे गिऱ्हाईक ताटकळलंय.