पिएराच्या बादल्या

फेर्मो कोल्झानीने कान्तू गावात साठ वर्षं सुतारकाम केलं, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं त्याने एका वस्तूचा मनापासून तिरस्कार केला. ती वस्तू म्हणजे त्याच्या बायकोने, पिएराने, मिलानहून आणलेले प्लॅस्टिकचे तीन पांढरे गोल कप्पे. एकावर एक चढवायचे, दाराच्या भोकात बोट घालून दार सरकवायचं, की झालं कपाट.

"सुताराच्या घरात बादल्या आणल्यास?" तेव्हा तो कडाडला होता.

"बादलीला दार असतं का रे?" म्हणत पिएराने कप्पे न्हाणीघरात उभे केले आणि त्यात केस कुरळे करायच्या नळ्या भरल्या.

पिएरा जाऊन आता चार वर्षं झाली होती. फेर्मोचे गुडघे जिना चढायला नकार देऊ लागले, तेव्हा लोरेदानाने, म्हणजे मुलीने, त्याच्यासाठी आपल्या शेजारीच दोन खोल्या पाहिल्या. जुनं घर विकून रिकामं करायचं ठरलं. प्रश्न होता कपाटाचा. अक्रोडाचं कपाट, लग्नाच्या वर्षी त्याने स्वतःच्या हाताने केलेलं.

"पापा, ते तिथल्या लिफ्टमध्ये मावत नाही," लोरेदाना म्हणाली.

"मग लिफ्ट बदला."

"आणि माझ्याकडे त्याला भिंत कुठे आहे?"

"एक खिळा नाही त्यात! सगळे सांधे एकमेकांत बसवलेत!"

"बादल्यांमध्ये तरी कुठे खिळा आहे, नोन्नो?" नात मतिल्दे मध्येच म्हणाली. "मला त्या हव्यात. माझ्या सगळ्या मैत्रिणी त्यांच्यावर जीव टाकतात. जुन्या, अस्सल असल्या तर सोन्याचा भाव आहे हल्ली."

फेर्मोने नातीकडे असं पाहिलं, की जणू तिने घरात डुक्कर पाळायचं ठरवलं होतं.

शेवटी मिलानहून जुन्या सामानाचा एक व्यापारी आला. नाव रेमिजो. थंडीतही बुटात मोजे नाहीत, आणि गळ्यात घरभर लोळेल एवढा मफलर. कपाटावरून त्याने नजर फिरवली ती कोपऱ्यातली धूळ पाहावी तशी. "सिन्योर कोल्झानी, असला तपकिरी माल हल्ली फुकटही कोणी नेत नाही." मग तो न्हाणीघराच्या दारात थबकला आणि गुडघ्यांवर बसला. दार सरकवलं, बंद केलं, पुन्हा सरकवलं. फेर्मोला शिसारी आली. हा माणूस अक्रोडापुढे वाकला नव्हता.

"नक्कल आहे," रेमिजो उठत म्हणाला. "अलीकडची. तरी उपकार म्हणून नेतो."

"काय म्हणालात?"

"बनावट हो. दार फारच सहज सरकतंय. जुनं असतं तर अडकलं असतं."

फेर्मोचे कान तापले. तो काठी टेकत न्हाणीघरात शिरला आणि वरचा कप्पा उचलून त्याने व्यापाऱ्याच्या नाकापुढे धरला. "ही कड बघा. कशी बसते बघा खालच्यावर! पिएराने एकोणीसशे बहात्तर साली हे आणलं, आणि स्टेशनवरून मी खांद्यावर वाहिलंय. हा डाग तिच्या इस्त्रीचा. पन्नास वर्षं मी रोज सकाळी दात घासताना याला शिव्या घातल्यात. नक्कल असती तर मला कळलं नसतं? दार सरकतं, कारण करणाऱ्याला खोबण कळत होती. तुम्हाला काय कळतं? मफलर?"

रेमिजो काहीतरी पुटपुटत जिना उतरला. लोरेदाना भिंतीकडे तोंड करून हसत होती.

"मग या मी नेऊ?" मतिल्देने विचारलं.

"ने. पण न्हाणीघरात ठेव. दिवाणखान्यात दिसल्या तर तुझ्या घरी पाऊल टाकणार नाही."

कपाट घराच्या नव्या मालकाकडे राहिलं. त्याने त्याचं काय केलं, हे फेर्मोने कधी विचारलं नाही.

मतिल्देने कप्पे दिवाणखान्यातच ठेवले, वर दिवाही ठेवला. फेर्मो दर रविवारी तिच्याकडे जेवायला जातो, रिसोत्तो दोनदा वाढून घेतो, आणि खुर्ची फिरवून त्या बादल्यांकडे पाठ करून बसतो.